मायनस काढण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा सल्ला त्याला एकदा तरी मिळालेला असतो. गाडीचा पिकअप पडला, गिअर बदलताना झटका बसायला लागला, सिग्नलला उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरायला लागलं, की सोसायटीतलं कुणीतरी सांगतं, "बॅटरीचा मायनस काढून ठेवा रात्रभर. सकाळी गाडी नव्यासारखी पळेल." दहा नंबरचा पाना असला की काम होतं, खर्च काही नाही, आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी गाडी खरंच बरी वाटते. म्हणून हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे.

तो सरसकट खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे. गाडी चालवून चालवून कॉम्प्युटरमध्ये कचरा साचतो, तो झाडून टाकला की गाडी मोकळी होते, असं सगळे धरून चालतात. मी गेली काही वर्षं माझ्या गाडीतले हे साचलेले आकडे वाचत आले आहे, आणि मला तो कचरा वाटत नाही. हवा कुठून आत शिरते, टाकीत कसलं पेट्रोल पडलं, गिअरबॉक्समधला कुठला क्लच थकला, हे सगळं त्यात असतं. लोक ते वाचतच नाहीत, थेट पुसून टाकतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. घरात तिला सगळे फियाटच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून ते कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू पिळत बसायचे. स्क्रू आत नेत नेत इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं, मग हळूच अर्धा आटा बाहेर, मग आयडलिंगचा स्क्रू. मला बाजूला उभं करून विचारायचे, "आता कसा येतोय आवाज?" महाबळेश्वरला गेलो की तीच गाडी काळा धूर टाकायची. तिथे साडेतेराशे मीटरच्या आसपास हवा विरळ, आणि जेटमधून येणाऱ्या पेट्रोलला त्याचा पत्ता नाही. पुण्यात लावलेलं ट्यूनिंग वर लागू पडायचं नाही. थंडीत एक, उन्हाळ्यात एक. हे सगळं शहाणपण वडिलांच्या कानात होतं. गाडी स्वतः काहीही लक्षात ठेवत नव्हती.

पुढे २००० च्या सुमारास गाड्यांच्या डिकीवर 'एमपीएफआय' (पेट्रोल इंजेक्टरने फवारणारी यंत्रणा) ही अक्षरं झळकायला लागली, कार्बोरेटर गेला आणि स्क्रू पिळण्याचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. तो ते कसं करतो हे समजून घेतल्यावर मला वडिलांच्या त्या सकाळी नव्याने कळल्या. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टच्या नळीत, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, झिर्कोनियाचा एक छोटा सेन्सर असतो. तीनशे अंशांच्या वर तापला की तो कामाला लागतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उरला नसेल तर ०.९ च्या. म्हणजे मिश्रण पातळ की दाट, एवढंच तो सांगतो, पण सतत सांगतो. बॉशचा हा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होने अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसवला, कारण कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम त्याशिवाय पाळता येईनात. आज तो तुमच्या-माझ्या गाडीत आहे.

सेन्सर 'पातळ' म्हणाला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल थोडं वाढवतो, 'दाट' म्हणाला की कमी करतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम. पण रोजच, सतत, एकाच बाजूला दुरुस्ती करावी लागत असेल तर ईसीएम ती कायमच्या खात्यात टाकतो. ती लाँग टर्म. दोन्ही टक्क्यांत मोजतात. लाँग टर्म अधिक ४ याचा अर्थ असा की कारखान्यात ठरवलेल्या मापापेक्षा या गाडीला चार टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं, हे ईसीएमने अनुभवाने पक्कं केलं आहे. पाच-सात टक्के इकडेतिकडे असणं रोजचंच आहे. दहाच्या पुढे गेलं की विचारायला हवं. वीस-पंचवीसच्या घरात गेलं की गाडी स्वतःच पिवळा दिवा लावते.

माझी गाडी सेकंडहँड आहे, पेट्रोल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. एका पावसाळ्याच्या शेवटी तो पिवळा दिवा लागला. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर खोचला की मोबाइलवर आकडे उमटतात. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. गॅरेजमध्ये गेले तेव्हा आमचे मिस्त्री स्कॅनरची वायर सोडवत होते. त्यांचा हाताखालचा मुलगा म्हणाला, "ताई, डिलीट मारतो, दिवा जाईल." मिस्त्रींनी त्याला थांबवलं. "डिलीट मारायला काय लागतं रे? आधी फोटो काढ स्क्रीनचा."

त्या एका वाक्यासाठी मी त्या गॅरेजला आजही जाते.

फोटोत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचं टिपण: इंजिन किती तापलेलं होतं, किती आरपीएम, गाडीचा वेग किती, लोड किती. माझ्या गाडीत त्या क्षणी इंजिन पूर्ण गरम होतं आणि वेग शून्य. म्हणजे गाडी कुठेतरी सिग्नलला उभी होती. दुसरी गोष्ट ट्रिमचे आकडे. उभ्या गाडीत लाँग टर्म अधिक २२. मग मिस्त्रींनी रेस देऊन इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरायला सांगितलं. आकडा उतरत उतरत अधिक ५ वर आला. "हवा ओढतंय कुठून तरी," ते म्हणाले.

हे त्यांनी कसं ओळखलं, ते सांगण्यासारखं आहे. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढच्या नळीवर हवा मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर तिथून आत येणारी हवा मोजलीच जात नाही, आणि पेट्रोल मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं. इंजिन नुसतं फिरत असताना त्याला हवा लागतेच थोडी, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवा त्यात मोठा हिस्सा घेते. अडीच हजारावर मुख्य वाटेने भरपूर हवा येते आणि चोरवाटेची हवा त्यात नगण्य होते. उलट उभ्या गाडीत ट्रिम ठीक आणि चढावर, जोरात रेस दिल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल असा संशय घ्यायचा. (ज्या गाड्या हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांच्यात हा हिशोब असा लागत नाही. तिथे हवा शिरली की बहुधा आयडलिंगच चढतं.)

मग शोध सुरू झाला. मिस्त्रींनी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा एकेका जोडावर मारत नेला, गरम भागांपासून लांब राहून. मी मोबाइल धरून उभी. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनकडे नेणारी एक रबरी नळी असते, तिच्या वळणापाशी फवारा गेला आणि इंजिनचा आवाज बदलला. त्याच क्षणी स्क्रीनवर शॉर्ट टर्मचा आकडा धाडकन उण्यात गेला. नळी काढून हातात घेतली. वरून बोट फिरवलं तर काही जाणवत नव्हतं. खालच्या अंगाने वाकवली तेव्हा नखाएवढी चीर उघडली, कडा तेलकट काळ्या, आतला रबर पिठूळ झालेला. नवी नळी मागवली, बसवली, आणि मगच मिस्त्रींनी त्या मुलाला खूण केली. आता डिलीट.

त्या दिवशी आधी मायनस काढला असता तर काय झालं असतं? दिवा विझला असता. फ्रीझ फ्रेम गेली असती. लाँग टर्म शून्यावर आला असता, आणि शून्य हे माझ्या गाडीसाठी चुकीचं माप होतं. चीर तशीच होती. बावीस टक्क्यांची भर घालून ईसीएमने जे मिश्रण कसंबसं बरोबर ठेवलं होतं, ते सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. तोवर इंजिन थरथरलं असतं, आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागला असता. गाडी आजाराशी जुळवून घेऊन चालत असते, आणि आपण तिचं जुळवून घेणंच पुसतो.

मग लोकांना दुसऱ्या दिवशी गाडी बरी का वाटते? त्यांना भास होतो असं म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण काही वेळा ते खरं असतं. इंजिन ठोकतंय का ते ऐकणारा नॉक सेन्सर घ्या. हलकं पेट्रोल पडलं आणि इंजिन ठोकायला लागलं की ईसीएम ठिणगी जरा उशिरा पाडतो. काही गाड्या हा मागे घेतलेला टायमिंग लक्षातही ठेवतात. पुढे चांगलं पेट्रोल मिळालं की तो हळूहळू पुढे सरकतो. रिसेट केला की एकदम पुढे येतो आणि गाडी तरतरीत वाटते. त्यात खोटं काही नाही. फक्त तेच पेट्रोल टाकीत असेल तर इंजिन पुन्हा ठोकणार, आणि ईसीएम पुन्हा मागे घेणार.

दुसरं उदाहरण थ्रॉटल बॉडीचं. तिथल्या फुलपाखरी झडपेच्या कडेला काजळी जमते, हवेची फट अरुंद होते, म्हणून ईसीएम झडप किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. तुम्ही सर्व्हिसमध्ये काजळी साफ करता. आता तीच शिकलेली उघडझाप जास्त हवा आत सोडते आणि इंजिन उभ्या गाडीत बाराशे-पंधराशेवर गुरगुरतं. इथे शिकवण पुसणंच योग्य आहे, कारण ज्यामुळे ती शिकली ती काजळी आता नाही. काही गाड्यांत यासाठी ठरलेली रीत आहे. निस्सानच्या काही गाड्यांत इग्निशन चालू करून पाच सेकंदांत पाच वेळा ॲक्सिलरेटर दाबायचा, सात सेकंद थांबायचं, मग पूर्ण दाबून धरायचा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकून स्थिर झाला की सोडायचा आणि गाडी चालू करायची. ऐकताना मंत्रतंत्र वाटतं, पण ती कंपनीच्याच सर्व्हिस मॅन्युअलमधली कृती आहे. मात्र ती त्याच गाड्यांना लागू. इंटरनेटवर हीच कृती वाटेल त्या गाडीसाठी सांगतात, तेव्हा पाय दुखण्यापलीकडे काही होत नाही.

मायनस काढून हल्ली सगळं पुसलं जातंच असंही नाही. जुन्या गाड्यांत ही शिकवण बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असायची. फोर्डच्या अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असे की बॅटरी काढली असेल तर आयडलिंग आणि ट्रिम पूर्ण शिकायला निदान १६ किलोमीटर गाडी चालवा, तोवर ती वेगळी वागू शकेल. नव्या गाड्यांत बरंच काही अशा चिपमध्ये असतं, जी बॅटरीविना वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. मग मायनस काढून घड्याळ जातं, रेडिओची स्टेशनं जातात, काच एका बटणात वर जाणं बंद होतं, आणि जे पुसायचं होतं ते जागच्या जागी असतं. त्यासाठी स्कॅनरच लागतो.

ट्रिमच्या बाबतीत सध्या सगळ्यात जास्त गोंधळ ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने केला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याची चर्चा दुहेरी आहे, कारण त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाच्या मळीतून, रसातून येतं. ज्याच्या शेतात ऊस आहे तोच पंपावर मायलेजची तक्रार करतो, असं मी कोल्हापूरकडच्या नातेवाइकांत पाहिलं आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. ते जळायला किलोमागे नऊच किलो हवा पुरते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाचं १४.७ हे माप साधारण १३.५ वर येतं. म्हणून दहा टक्के इथेनॉलवर सेट असलेल्या गाडीत वीस टक्क्यांचं पेट्रोल पडलं की लाँग टर्म चारेक टक्क्यांनी वर सरकतो. ईसीएम बरोबर आहे. त्याने नवं पेट्रोल ओळखलं. शिवाय इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणारच. ते परत आणायला ईसीएम रिसेट करून घेणारे लोक मला भेटतात. त्यातले काही पैसे मोजून करतात. टाकीत तेच पेट्रोल असताना तो आकडा पुन्हा त्याच जागी चढणार आहे, दुसरं काही होऊच शकत नाही.

आणि पुसण्याचा एक वापर असा आहे, ज्याने मला खरंच राग येतो. सेकंडहँड गाडी बघायला मी भावासोबत एका यार्डात गेले होते. गाडी चकचकीत, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मी ॲडॉप्टर लावला. कोड नव्हते. पण ओबीडीत, म्हणजे त्या सॉकेटमागच्या गाडीच्या स्वतपासणीच्या यंत्रणेत, दोन आकडे असतात, ज्यांकडे फारसं कुणी पाहत नाही: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि तेव्हापासून इंजिन किती वेळा गरम झालं. त्या गाडीत पहिला आकडा ३ होता. म्हणजे कुणीतरी त्या सकाळी कोड पुसून गाडी यार्डाभोवती फिरवून जागेवर लावली होती. रेडिनेसच्या यादीत कॅटॅलिस्टपुढे, ऑक्सिजन सेन्सरपुढे 'अपूर्ण' लिहिलेलं. गाडीने स्वतःच्या तपासण्या अजून पुऱ्या केलेल्या नव्हत्या. पुसलं की पुसल्याची खूण उरते, हे पुसणाऱ्याला माहीत नव्हतं. आम्ही नमस्कार करून निघालो.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तपासणीला गेलं की या रेडिनेसकडे आधी पाहतात. तिथली मराठी मंडळी हे चांगलं ओळखून असतात, कारण आदल्या रात्री कोड पुसून गेलं तर गाडी परत पाठवतात. २०१० पासूनच्या मॉडेलांत तर टप्प्याटप्प्याने असे कोड आले की स्कॅनरनेही पुसले जात नाहीत. दोष खरोखर गेला आणि गाडीनेच तपासून खात्री केली, तरच ते जातात. आपल्याकडे पीयूसीत नळी सायलेन्सरमध्ये घालून धूर मोजतात, सॉकेटला कुणी हात लावत नाही. लावला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता गिअरबॉक्स. इथे समजुती जास्त आहेत आणि नुकसानही जास्त होतं.

गाडी घेतली तेव्हा मला सांगितलं होतं, "आधीचे मालक वयस्कर होते, सावकाश चालवायचे. गाडीला त्यांची सवय आहे. रिसेट करून घ्या, मग ती तुमची सवय शिकेल." ऐकायला किती छान! आणि अगदीच निराधारही नाही. मित्सुबिशीने १९९२ मध्ये गॅलांटमध्ये फझी लॉजिकवर चालणारा गिअरबॉक्स आणला, पुढे चालवणाऱ्याची ढब ओळखून गिअर ठरवणाऱ्या यंत्रणा अनेक कंपन्यांनी केल्या. पण ती ढब ओळखण्याची मुदत लहान असते. ॲक्सिलरेटर किती पटकन दाबता, ब्रेक कसा मारता, चढ आहे की उतार, यावरून गेल्या काही मिनिटांचा अंदाज बांधला जातो. अनेक गाड्यांत गाडी बंद केली की तो अंदाजही संपतो. आधीच्या मालकांची सावकाशी माझ्या गाडीत वर्षानुवर्षं राहिलेली नव्हती.

राहिली होती ती झीज. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक गठ्ठा सुटतो आणि दुसरा धरतो. धरण्यासाठी तेलाच्या दाबाने एक पिस्टन पुढे सरकतो, आधी मोकळी जागा भरतो, मग प्लेटा आवळतो. सगळं सेकंदाच्या काही दशांशांत. सुटणारा लवकर सुटला तर मध्येच इंजिन मोकळं भरकटतं, आरपीएम उडी मारतो. धरणारा लवकर धरला तर दोन्ही क्षणभर एकत्र अडकतात आणि आपल्याला झटका बसतो. गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दांड्याचा वेग मोजणारे सेन्सर असतात, त्यावरून टीसीयूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, कळतं की गिअर पडायला किती वेळ लागला. जास्त लागला तर पुढच्या वेळी दाब किंचित वाढवायचा, कमी लागला तर घटवायचा. प्लेट झिजते, मोकळी जागा वाढते, पिस्टनला जास्त तेल लागतं. टीसीयू ते दरवेळी थोडं थोडं वाढवून देतो. चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, याचं श्रेय या शिकण्याला आहे.

असा झिजलेला गिअरबॉक्स रिसेट केला तर तो नव्या प्लेटांच्या मापावर जातो. प्लेटा मात्र जुन्याच. तेल कमी पडतं, गिअर घसरत पडतो, आणि तो पुन्हा शिकेपर्यंतच्या प्रत्येक घसरणीत आधीच पातळ झालेल्या प्लेटा आणखी घासतात. नव्यासारखं करण्याच्या नादात जुन्याचं आयुष्य कमी करायचं, याला काय म्हणावं!

रिसेट लागतो तो वेगळ्या कारणांनी. तेलाचा दाब वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी बदलली, गिअरबॉक्स खोलून प्लेटा नव्या घातल्या, काही गाड्यांत तेल बदललं, तर जुने आकडे खोटे ठरतात. टोयोटासारख्या कंपन्या अशा कामांनंतर शिकलेलं पुसून गाडी रस्त्यावर नेऊन पुन्हा शिकवायलाच सांगतात. एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच मशीनने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, हे रोजचं आहे. २०१४ ला सेलेरिओने आपल्याकडे एएमटी आणला, आणि आज पुण्याच्या गर्दीत दर थोड्या गाड्यांमागे एक एएमटी दिसतो. त्यात मॅन्युअलचाच कोरडा क्लच असतो, तो दाबण्याचं काम मशीन करतं. क्लच नेमका कुठे धरायला लागतो, ती जागा मशीनला माहीत असावी लागते, आणि प्लेट झिजत जाते तशी ती सरकते. क्लच प्लेट बदलून 'लर्निंग' न करता गाडी ताब्यात दिली तर ती उचलताना धडधडते, चढावर मागे येते. मालकाला वाटतं नवी प्लेटच खराब. बिलात प्लेट आणि मजुरी असते. 'लर्निंग केलं का?' हे आपणच विचारायचं.

माझ्या गाडीत झटका दुसऱ्या-तिसऱ्यात होता, गाडी गार असताना जास्त. मिस्त्रींच्या ओळखीच्या, फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या बाईंनी (हो, गिअरबॉक्स खोलणाऱ्या बाई) आधी शिकलेल्या आकड्यांचं पान उघडलं. प्रत्येक क्लचसमोर एक आकडा. चार क्लचचे आकडे जवळपास सारखे, एकाचा त्यांच्या दुपटीहून जास्त. "हा बघा, हाच दमलाय. बाकीचे छान आहेत." तेल काळपट होतं, पण जळका वास नव्हता. तेल बदललं, मग त्यांनी त्या पानाची प्रिंट काढून मला दिली आणि नंतरच पुसलं. नवं तेल गेल्याने जुनं माप लागू राहणार नव्हतं.

शिकवणीचा रस्ताही त्यांनीच सांगितला. तेल गरम झाल्याशिवाय गिअरबॉक्स काही शिकत नाही, म्हणून आधी साधं चालवायचं. मग हलका, स्थिर ॲक्सिलरेटर ठेवून गाडी एकेक गिअर चढू द्यायची, आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवून हळूहळू थांबवायची. असं पुन्हा पुन्हा. घाटात जोर लावून काही उपयोग नाही, कारण जोराच्या वेळी तो शिकत नाही. मी पहाटे कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याने खेड शिवापूर, शिरवळ करत खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत गेले. रस्ता मोकळा होता. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्यात आरपीएमचा काटा जरा वर उडून खाली यायचा, सीटमध्ये पाठीला हलका धक्का. कापूरहोळ गेल्यावर उडी लहान झाली. शिरवळच्या अलीकडे तर काटा सरळ उतरायला लागला, आणि मी रेडिओ बंद करून फक्त तेच ऐकत होते. इतकं बारीक काहीतरी माझ्या पायाखाली सुधारत होतं, दर गिअरला. खंबाटकीच्या पायथ्याला चहा घेतला आणि तिथूनच परतले.

गारठ्यात सकाळी पहिल्या किलोमीटरभरात तो झटका अजून येतो. ती प्रिंट मी गाडीच्या कागदांत ठेवली आहे, आरसी आणि पीयूसीच्या मागे. त्या क्लचचा आकडा पुसल्यानंतर पुन्हा चढत जाऊन कुठे थांबतो ते पुढच्या सर्व्हिसला बघायचं ठरलं आहे. जुन्या आकड्याच्या खाली थांबला तर तेलाचा दोष होता. त्याच जागी किंवा वर गेला तर प्लेटाच संपत आल्या आहेत, आणि मग गिअरबॉक्स खोलायचा. बाईंनी त्याचा खर्चाचा अंदाज त्याच प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून दिला आहे.